कारागिरालाच वर्गात बोलवा

महोदय,

शाळांतील व्यवसाय शिक्षणावरचा आपला लेख वाचला. शाळेत हातचे काम शिकवावे ही भूमिका पटली, पण शिकवणार कोण, हा प्रश्न लेखात राहूनच गेला.

२०२०च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात सहावी ते आठवीच्या मुलांसाठी दहा दिवस दप्तराविना आहेत. सुतार, माळी, कुंभार यांच्या हाताखाली काम शिकणे, हा त्यामागचा हेतू. स्थानिक जाणकारांना शिकवायला नेमण्याची मुभाही धोरणातच आहे. प्रत्यक्षात मात्र हा तास गणिताच्या किंवा मराठीच्या शिक्षकाच्या गळ्यात पडतो, आणि फळ्यावर पान्ह्याचे चित्र काढून संपतो.

नागपुरात मार्च उजाडला की घरोघरी कूलर बाहेर निघतात. शॉकपासून जपा, असे आवाहन महावितरणला दर उन्हाळ्यात करावे लागते. अर्थिंगच्या, म्हणजे गळणारी वीज जमिनीत सोडणाऱ्या जोडणीच्या, प्रश्नाला दहावीला गुण पैकीच्या पैकी, पण घरच्या थ्री-पिन प्लगमधली तिची हिरवी तार जोडलेली आहे की नाही हे पाहायचे कुणी शिकवलेलेच नसते! मोहल्ल्यातला कूलर दुरुस्त करणारा मिस्त्री हे एका दुपारी शिकवेल. पाण्याचा पंप बदलण्याआधी प्लग काढायचा, हेही.

हाताने काम करत शिकण्याचा विचार १९३७ साली गांधीजींच्या वर्ध्याच्या शिक्षण परिषदेत मांडला गेला. वर्धा इथून दीड-दोन तासांवर. तेव्हा निदान विदर्भातल्या शाळांनी तरी मिस्त्री, सुतार, शिंपी यांना मानधन देऊन बोलवावे आणि त्यासाठी शाळेच्या अनुदानात वेगळी तरतूद व्हावी.

— एक निवृत्त शिक्षक, नागपूर