ग्दान्स्कला निघालास म्हणून

चि. निखू,

रविवारी फोन कट झाला नव्हता, मी ठेवला. आईनं तुला रेंज गेली म्हणून सांगितलं असणार, आपल्या दोघांचं वाजलं की तिची रेंज जातेच. फोनवर माझा आवाज चढतो म्हणून टाईप करतोय. एका बोटानं करतो त्यामुळं वेळ लागतो आणि तेवढ्यात राग पण खाली बसतो, तेव्हा पूर्ण वाच, मधेच सोडू नको.

तू ती ट्रिपची शीट पाठवलीस आणि खाली लिहिलंस, पप्पा सात दिवस आहेत, काय काय बघायचं ते तुम्ही भरा. मला किती बरं वाटलं ते मी बोललोच नाही. चार दिवस रोज जेवण झाल्यावर मोबाईल घेऊन बसत होतो. शीटमधे मला जमेना, एका खणात लिहायला गेलो की शेजारचं पुसायचं, म्हणून जुनी जॉबकार्डची वही काढली आणि पाठकोऱ्या बाजूला लिहीत गेलो. आणि मग बघतो तर तिसऱ्या दिवशीच्या खणात तूच भरून ठेवलेलं, कयाक, म्हणजे ती वल्ह्याची लहान होडी, तीन तास. मी आईला म्हटलं, याला पोहायला कुठं येतंय, तर ती भांडी पुसत म्हणाली येतंय की त्याला. आणि मोबाईल पुढं केला. तुझा ओल्या केसांचा फोटो, हातात सर्टिफिकेट, फेब्रुवारीतला. फेब्रुवारीतला! चार महिने घरात सगळ्यांना माहीत, आत्याला पण माहीत.

असो. कयाकवर एक अक्षर लिहिणार नाही असं आईला कबूल केलंय. पोलंडमधल्या त्या ग्दान्स्कबद्दलच लिहितो.

पहिल्या दिवशी पळापळ करू नको. बर्लिनहून थेट गाडी असली तरी सहा तास बसून पाय आखडतात. बॅग टाकायची आणि मधल्या पेठेत नुसतं फिरायचं, द्वुगी तार्ग म्हणतात त्याला, म्हणजे लांबट बाजार. तिथं नेपच्यूनचं कारंजं आहे, १६३३ पासूनचं. नेपच्यून म्हणजे त्यांचा समुद्राचा देव, हातात त्रिशूळ. बंदरावर पोट असलेल्या गावानं भर बाजारात समुद्राचा देव उभा केला यात नवल नाही, आपले कोळी लोक नारळी पौर्णिमेला नारळ सोडतात त्यातलंच ते. समुद्राला भिऊन राहणारे लोक होते, एवढंच म्हणतो.

आणि ती घरं बघताना एक ध्यानात ठेव, ती दिसतात जुनी पण १९४५ साली तो सगळा भाग दगडविटांचा ढीग झाला होता. जुनी चित्रं, नकाशे, फोटो काढून बसले आणि परत उभं केलं. त्याआधी गावात बहुतेक जर्मन लोक, गावाचं नाव डान्झिग. युद्धानंतर ते गेले, आणि पोलंडचा पूर्वेकडचा मुलूख रशियानं घेतला होता तिथली घर गेलेली माणसं इकडं येऊन राहिली. हे वाचलं आणि मी वही बाजूला ठेवली, कारण आपल्या कोल्हापूरजवळच्या वळिवड्याच्या कॅम्पातले पोलिश लोक तिकडचेच की रे. स्टालिननं पूर्व पोलंडमधून उचलून सैबेरियात टाकलेले, तिथून इराण, तिथून बोटीनं इकडं. १९४३ ते ४८, पाच हजारांच्या आसपास, त्यात बायका आणि पोरंच जास्त. आबा तेव्हा दहा-अकरा वर्षांचे, पहाटे कॅम्पात दूध घालायला जायचे. त्यातल्या एका म्हातारीनं त्यांना जेन दोब्री शिकवलं होतं. म्हणजे नमस्कार. तू लहान असताना आबा सकाळी तुला जेन दोब्री म्हणून उठवायचे आणि तू रडायचास, आठवतंय का? आम्हाला ते गमतीचं काहीतरी वाटायचं. तिथं हॉटेलात पहिल्या सकाळी तू ते म्हण. उच्चार चुकला तरी चालेल, आबांचा पण चुकीचाच असणार. ती म्हातारी पुढं कुठं गेली कुणास ठाऊक. बरेचसे इंग्लंडला वगैरे गेले, काही परत पोलंडला गेले. त्यांच्या कॅम्पात नंतर सिंधी निर्वासित आले आणि त्याचंच गांधीनगर झालं, जिथं आपण तुझ्या मुंजीचे कपडे घेतले. घर गेलेली माणसं एकाच बराकीत दोनदा राहून गेली. हे तू तिथं कुणाला सांगितलंस तर बोलायला माणूस मिळेल तुला.

आता क्रेन. हे मात्र चुकवायचं नाही, माझ्यासाठी म्हणून बघ. नदीकाठी लाकडाचं काळं धूड उभं आहे, झुराव म्हणतात, १४४० च्या सुमाराचं, १४४२ ते ४४. वीज नाही, वाफ नाही, तरी चार टन माल अकरा मीटर वर उचलायचे. कशानं, तर आत मोठाली लाकडी चाकं आहेत आणि त्या चाकांच्या आत माणसं चालायची. माणूस चालला की चाक फिरतं, आसावर दोर गुंडाळला जातो, माल वर येतो. घाण्याचा बैल निदान गोल फिरतो, हे जागच्या जागीच चढत राहायचे. जहाजांच्या डोलकाठ्या पण त्यानंच बसवायचे. उद्यमनगरात पाच टनी चेन ब्लॉकवर माझी उमेदीची वर्षं गेली आणि साखळी ओढून खांदा गेला, मला ते चित्रात बघूनच खांद्यात कळ आली. एकच विचार येतो, माल वर असताना चालणाऱ्याचा पाय घसरला तर? ब्रेक कसा होता ते बघून ये, फोटो काढ, दोर गुंडाळतो तिथला आस जवळून काढ. युद्धात लाकूड सगळं जळलं होतं, चाकं नवीन केलीत, पण रचना तीच. मधे दुरुस्तीला बंद होतं, २०२४ ला परत उघडलंय.

ते धूड मोत्वावा नदीच्या अगदी कडेला आहे, कठडा आहे का नाही ते फोटोत कळत नाही. फोटो काढताना मागं मागं सरकत जायची तुझी सवय आहे. पन्हाळ्यावर ताईनं कॉलर धरली होती.

बरं, जहाजांचा कारखाना. त्याला अर्धा दिवस नको, पूर्ण दिवस दे. १९८० चा ऑगस्ट. आना वालेंतिनोविच म्हणून क्रेन चालवणारी बाई, रिटायर व्हायला पाच महिने राहिलेले आणि तिला काढून टाकलं, कारण ती युनियनचं काम करायची. तिला परत घ्या म्हणून संप सुरू झाला आणि बघता बघता सगळं बंदर बंद. वाऊएन्सा नंतर आला, इलेक्ट्रिशियन होता, पुढं राष्ट्राध्यक्ष झाला. लोकांना त्याचंच नाव माहीत, पण सुरुवात त्या बाईपासून. प्लायवूडच्या फळ्यांवर एकवीस मागण्या लिहून गेटवर टांगल्या होत्या, त्या फळ्या आता म्युझियममधे आहेत. मला त्या फळ्या बघायच्या होत्या रे. आमच्या कारखान्याच्या गेटवर पण आम्ही मागण्या लावलेल्या, पाचच होत्या, आणि सकाळी बघतो तर फाडून त्याजागी टाळेबंदीची नोटीस. त्या वर्षी तुझी दहावीची फी आईच्या पाटल्यांतून भरली, ते तुला सांगितलं नव्हतं. आता सांगितलं. म्हणजे लपवायची सवय तुला कुठून लागली ते पण कळलं.

मरियमचं मोठं चर्च आहे, सगळं विटांचं, मनोऱ्याला चारशेवर पायऱ्या. तू चढशीलच, जोतिबाला माझ्या आधी वर पोचून बसायचास. आत पंधराव्या शतकातलं घड्याळ आहे, ग्रहताऱ्यांचं. करणाऱ्याचे डोळे काढले म्हणे, दुसऱ्या गावाला असं करून देऊ नये म्हणून. ही गोष्ट जगातल्या प्रत्येक चांगल्या कारागिराबद्दल सांगतात, माझा विश्वास नाही, पण मजुरी न देण्याचं कारण म्हणून बरं आहे.

मालबोर्कचा किल्ला रेल्वेनं अर्ध्या-पाऊण तासावर. तोही विटांचा, तोही नदीकाठी. सोपोतला पाचशे मीटर लांबीचा लाकडी धक्का समुद्रात गेलाय, मधून चाल. वेस्टरप्लाटेला १ सप्टेंबर १९३९ च्या पहाटे जर्मन युद्धनौकेनं तोफा डागल्या, दुसरं महायुद्ध सुरू झालं ते तिथं, दोनशेच्या आसपास पोलिश शिपाई सात दिवस टिकले. तिथं जायला छान बोट असते असं सगळीकडं लिहिलंय. बसपण जाते. बसनं जा.

बघ, परत तिथंच आलो. गावच असं निवडलंस की कुठलंही पान उलटलं तरी पाणी.

मी वाचलंय निखू, रात्री दीड वाजता वाचलंय. जूनमधे पण त्या समुद्राचं पाणी पंधरा-सोळा अंश असतं. एवढ्या गारात अचानक पडलं की माणूस न ठरवता जोरात श्वास आत ओढतो, आणि तोंड पाण्याखाली असलं तर काय आत जाणार? बाल्टिकला मीठ पण कमी, लिटरला सातेक ग्रॅम, आपल्याकडं पस्तीसच्या वर, म्हणजे अंग तरंगायला तेवढीच मदत कमी. तू म्हणशील नदीत जाणार आहे, समुद्रात नाही. सतू पण नदीतच गेला.

त्याच्याबद्दल मी तुझ्याशी कधी बोललो नाही, फोटोला हार घालताना पण नाही. तुला वाटतं त्याला पोहता येत नव्हतं. घरात कुणी तसं म्हणत नाही, पण मी तुला रंकाळ्यावर पाय ओले करू दिले नाहीत त्यावरून तू तसं धरलंस. येत होतं. पंचगंगेच्या घाटावर त्याच्या तोडीचा पोरगा नव्हता, सोळाव्या वर्षी पावसाळ्यात आरपार जायचा. येत नव्हतं ते मला. म्हणून मी पायरीवर त्याचे कपडे आणि घड्याळ धरून बसलेलो. पाचचे साडेपाच झाले, मी घड्याळ बघत होतो, त्याचंच. ज्याला येत नाही तो पायरीवर बसतो आणि ज्याला येतं तो मधे जातो. म्हणून तुला शिकू दिलं नाही. शाळेच्या कॅम्पचा फॉर्म आला तेव्हा मी सही केली नव्हती आणि तू दोन दिवस जेवला नव्हतास. तेव्हा मी बरोबरच केलं असं वाटायचं. आता काय वाटतं ते नीट सांगता येत नाही.

तुझं ते सर्टिफिकेट मी परत उघडून बघितलं, आईच्या मोबाईलवर, ती झोपल्यावर. खाली काय करायला लागतं ते भाषांतर करून वाचलं. पंधरा मिनिटं सलग पोहायचं, उडी मारायची, आणि दोन मीटर खाली जाऊन तळावरची वस्तू वर आणायची. सव्विसाव्या वर्षी, ऑफिस सुटल्यावर, त्या थंडीत, बारक्या पोरांच्या बॅचमधे उभा राहून शिकलास. लाज वाटली असेल ना रे? आई म्हणाली पहिले दोन महिने तू कडेची दांडी सोडत नव्हतास. ही भीती मीच दिलेली, आणि ती घालवायला तुला माझ्यापासून साडेसहा हजार किलोमीटर लांब जावं लागलं. वस्तू वर आणलीस तेव्हा डोळे उघडे होते का मिटलेले? मला सारखं तेच मनात येतंय. सतूला वर काढायला तीन तास लागले होते. जाऊ दे.

लेक्चर दिलं, माफ कर. आई म्हणतेय आता बास, आणि मी तिला नुसतं ग्दान्स्क चाललंय म्हणून सांगतोय.

तिच्यासाठी तृणमणी आण, अंबर, मरियाच्का गल्लीत त्याचीच दुकानं आहेत. प्लॅस्टिकचं पण विकतात, तेव्हा सुटा मणी असेल तर ग्लासभर पाण्यात मीठ विरघळेल तेवढं विरघळव आणि मणी सोड. खरा वर येतो. दुकानदार करून दाखवत नसेल तर घेऊ नको. माळ नको, ती घालणार नाही, कानातलं बघ. खायला पिरोगी मिळतील, करंजीसारख्या पण उकडलेल्या, बटाटा आणि चीजचं सारण असतं त्या मागव, मिल्क बार नावाच्या खानावळीत स्वस्त असतात. पैसे झ्लॉटीत, युरो चालत नाहीत. आणि शीटमधे खोली दोघांची दिसतेय. मी काही विचारलेलं नाही. तिला पोहता येतं का एवढंच कळव.

तिसऱ्या दिवसाच्या खणात मी काही लिहिलेलं नाही आणि पुसलेलं पण नाही. जा म्हणायला तोंड उघडत नाही, जाऊ नको म्हणायचा अधिकार मी बहुतेक त्या कॅम्पच्या फॉर्मवरच वापरून संपवलाय. लाइफ जॅकेट बोटीत नुसतं मागं टाकून ठेवायचं नाही, अंगावर. समोरच्या सगळ्या क्लिपा टक आवाज येईपर्यंत दाबायच्या आणि खांद्याचे पट्टे दुसऱ्याला वर ओढून बघायला सांगायचे, हनुवटीपर्यंत सरकलं तर ढिलं आहे. मोठ्या बोटी जातात त्यांच्या वाटेत जायचं नाही.

निघताना जॅकेट घातलेला फोटो पाठव, क्लिपा दिसल्या पाहिजेत. तीन तासांनी काठावर आलास की दुसरा. माझ्या नंबरवर पाठव, आईच्या नको.

पप्पा