स्वमग्न मुलांसाठी काम करणाऱ्यांची पीएच.डी. कशी असावी? उच्च शिक्षणमंत्र्यांना खुले पत्र

मा. उच्च शिक्षणमंत्री यांस,

स. न. वि. वि.

स्वमग्न मुलांसोबत काम करणाऱ्या थेरपिस्टना उपयोजित वर्तन विश्लेषणात (एबीए), म्हणजे वर्तनामागची कारणे मोजून-तपासून मुलांना शिकवण्याच्या पद्धतीत, पीएच.डी. करता यावी, याचे आम्ही स्वागत करू. मागणी एवढीच आहे की ही पदवी प्रत्यक्ष मुलांसोबतच्या कामावर मिळावी. पीएच.डी. झालेली व्यक्ती उद्या पर्यवेक्षक तयार करते आणि ते पर्यवेक्षक थेरपिस्ट तयार करतात. वरच्या माणसाचे कच्चे राहिलेले काम शेवटी मुलाच्या अंगावर येते.

एक उदाहरण पाहा. काम समोर ठेवले की मूल स्वतःचा हात चावते. थेरपिस्ट काम बाजूला सारून त्याला पाच मिनिटे कोपऱ्यात बसवतो. थेरपिस्टच्या लेखी ही शिक्षा आहे, पण मुलाची कामातून सुटका झाली. मग चावणे वाढत जाते आणि वहीत शेरा पडतो, ‘मूल प्रतिसाद देत नाही’. चावण्यामागचे कारण शोधायची पद्धत अमेरिकी वर्तन विश्लेषक ब्रायन इवाटा आणि सहकाऱ्यांनी १९८२ मध्येच मांडली होती. मोठ्यांचे लक्ष, कामाची मागणी, एकटेपणा आणि मोकळा खेळ अशा वेगवेगळ्या परिस्थितीत वर्तन मोजायचे आणि ते कुठे वाढते ते पाहायचे. कारण सुटका हेच निघाले, तर ‘थांबूया’ असे चित्रकार्ड द्यायला शिकवायचे. मुलाने कार्ड दिले की थेरपिस्टने त्याच क्षणी काम थांबवायचे. इथे थोडा उशीर झाला तरी मूल पुन्हा हाताकडे वळू शकते.

मोजण्यातही चुका होतात. ‘मूल चिडते’ ही व्याख्या मोजता येत नाही. ‘हाताने स्वतःच्या डोक्यावर, आवाज ऐकू येईल इतक्या जोराने मारणे’ ही मोजता येते. एकाच सत्रात एका निरीक्षकाने ४२ वेळा मोजले आणि दुसऱ्याने ३०, तर दोघांचा मेळ ७१ टक्के बसतो. साधारणपणे ८० टक्क्यांखालची नोंद विश्वासार्ह धरत नाहीत. अशा वेळी व्याख्या सुधारून पुन्हा मोजावे लागते. हे हाताखालून गेल्याशिवाय प्रबंध स्वीकारू नये.

आमची सर्वांत मोठी काळजी मात्र संशोधन समित्यांची आहे. शंभर जणांचा नमुना, प्रश्नावली आणि सरासरी या साच्यात हे संशोधन बसत नाही. इथे तीन-चार मुलेही पुरतात. प्रत्येकाची आधीची स्थिती बरेच दिवस मोजायची आणि उपचार एकाच दिवशी न सुरू करता टप्प्याटप्प्याने सुरू करायचा. ज्याचा उपचार सुरू झाला त्याच्याच आलेखात बदल दिसला आणि बाकीच्यांचे आलेख जागच्या जागी राहिले, तर बदल उपचारामुळे झाला असे म्हणता येते. असा परिणाम निदान तीनदा दिसायला हवा. हे न समजणारी समिती विद्यार्थ्याला पालकांच्या सर्वेक्षणाकडे ढकलते. मग एकाही मुलाला काही न शिकवता डॉक्टरेट हातात पडते.

विद्यार्थ्याला टीकाही वाचता आली पाहिजे. एबीएचा वापर स्वमग्न मुलांसाठी करणारे अमेरिकेतील मानसशास्त्रज्ञ लोव्हास यांच्या १९८७ च्या अभ्यासात आठवड्याला ४० तासांच्या उपचारानंतर १९ पैकी ९ मुले सर्वसाधारण शाळेत रुळल्याचे सांगितले गेले, आणि त्यावरून आजही पालकांना ‘४० तास’ विकले जातात. त्या अभ्यासात मुलांची गटवारी यादृच्छिक (चिठ्ठ्या टाकल्यासारखी) नव्हती आणि उपचारात मांडीवर चापट मारण्याचाही समावेश होता, हे क्वचितच सांगितले जाते. स्वमग्न प्रौढांचा एबीएवरचा राग कुठून येतो, तेही शिकवावे. हात फडफडवणाऱ्या मुलाला त्यापासून काही इजा होत नसेल, तर ते थांबवण्याचे उद्दिष्ट मुळातच चुकीचे आहे. मूल मान फिरवते, उठून जाते, तो त्याचा नकार असतो. तो ओळखता येणे परीक्षेचा भाग असावा.

पर्यवेक्षण करणे हेही वेगळे कौशल्य आहे. सांगणे, करून दाखवणे, करवून घेणे आणि लगेच दुरुस्त करणे, असे चारही टप्पे लागतात. पहिल्या दोन टप्प्यांवर थांबलेले प्रशिक्षण कामाच्या जागी टिकत नाही.

म्हणून नियमावलीत तीन अटी घालाव्यात: मार्गदर्शकाने विद्यार्थ्याचे काम दर महिन्याला समोर बसून पाहावे, विद्यार्थ्याने निदान दोन नवख्या थेरपिस्टना शिकवून त्यांच्या कामातील अचूकतेची मोजणी सादर करावी, आणि विषय मंजूर करणाऱ्या समितीवर एक स्वमग्न प्रौढ व्यक्ती असावी, तिला मताचा पूर्ण अधिकार असावा. या अटी पाळू शकतील असे मार्गदर्शक आज दोनच असतील, तर प्रवेशही तेवढ्यांपुरतेच द्यावेत.

आपले,
वर्तन विश्लेषणाच्या क्षेत्रात काम करणारे आणि शिकवणारे