पर्यावरणाचा तास अन् काळा पडलेला कापूस

मा. संपादक,
स. न. वि. वि.

अकरावी-बारावीला 'पर्यावरण शिक्षण व जलसुरक्षा' विषय कंपल्सरी आहे, पण तो कसा उरकतात ते सगळ्या मास्तर लोकांना माहीत आहे. प्रोजेक्टची वही, चिकटवलेली चित्रं, मागच्या बॅचचं उतरवून काढलेलं, अन् शेवटी झाडे लावा झाडे जगवा. मीही हाच विषय शिकवतो म्हणून बोलतोय. पुस्तकातलं प्रदूषण कसं, तर सगळ्यांनी मिळून केलेलं अन् सगळ्यांना सारखंच भोवणारं. असं कुठं असतं का हो? आमच्या यवतमाळ जिल्ह्यातल्या वणीकडे खाणीतल्या कोळशाचे ट्रक ज्या रोडनं जातात तिथल्या वावरात बोंड फुटलं की धूळ बसून कापूस काळपट पडतो, व्यापारी तो बोटात चोळून पाहतो अन् भाव पाडतो. कोळशाची वीज पार मुंबई-पुण्यापर्यंत जाते, आमच्या मोटारपंपाला मात्र लाईन रात्रीची.

हे फळ्यावर लिहून पोरांच्या डोक्यात शिरत नाही, डॉक्युमेंटरी लावली की शिरतं. २०१७ ला यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेनं २० च्या वर शेतकरी-शेतमजूर गेले, त्यावरची एक छोटी फिल्म लावली. तेव्हा बरेच जण म्हणत होते की फवारताना अंगावर सेफ्टी किट घातलं नाही म्हणून झालं. मी तोच प्रश्न वर्गात टाकला तर मागच्या बेंचवरचा एक पोरगा उठला, म्हणे, "सर, डोक्याच्या वर गेलेल्या पऱ्हाटीत (कपाशीत) भर उकाड्यात थे किट घालून पाहा म्हना त्याईले." एक पोरगी म्हणे, कोणतं औषध कशात मिसळवायचं ते तर दुकानदारच सांगते. मग तास संपला तरी कोणी उठेना.

फक्त रडणाऱ्या बायका दाखवणाऱ्या फिल्म नकोत, पोरं 'बिचारे' म्हणतात अन् विसरतात. निर्णय कोणी घेतला, पैसा कोणाला मिळाला हे दिसलं पाहिजे. एक सहकारी म्हणाले, जपून, पोरांचे बाप खाणीत कामाला आहेत. खरं आहे, पण मग त्या बापांचा खोकलाही वर्गात यायला नको का?

अडचण भाषेची आहे. विदर्भातल्या शेतकरी आत्महत्यांवरची 'निरोज गेस्ट्स' (२००९) चांगली आहे, पण बरीचशी इंग्रजीत, दर मिनिटाला थांबवून सांगावं लागतं. शिक्षण विभागानं अशा फिल्म मराठीत करून शाळांना द्याव्या, स्मार्ट टीव्ही तर बऱ्याच ठिकाणी नुसते कव्हर घालून ठेवलेत. अन् प्रोजेक्टच्या वहीऐवजी पोरांनी मोबाईलवर आपल्या गावची पाच मिनिटांची फिल्म केली तर तिला मार्क द्यायची परवानगी द्या, एवढं जरी झालं तरी चालेल.

आपला,
एक शिक्षक, ता. वणी, जि. यवतमाळ