फॉरमॅट मारण्याआधी एक प्रश्न विचारा

महोदय,

गेम उघडेनासा झाला की संगणक दुरुस्तीच्या दुकानांत बहुधा एकच औषध दिले जाते : सगळे काढून पुन्हा टाका, नाहीतर फॉरमॅट मारा. गेम पुन्हा उतरवता येतो, पण मुलाने त्यात उभे केलेले जग कुठूनही उतरवता येत नाही, हा फरक लक्षात न घेतल्याने हे औषध अनेकदा रोगापेक्षा महाग पडते.

गेल्या पावसाळ्यात वीज गेली तेव्हा माझ्या मुलाचा माइनक्राफ्ट या ठोकळ्यांनी जग रचण्याच्या गेमचा डाव नेमका जतन होत होता. त्यानंतर त्याने दोन वर्षे खपून रचलेले गाव, त्यातल्या आमच्या आजोळच्या वाड्यासकट, उघडेना. दुकानात फॉरमॅटचा सल्ला मिळाला; आम्ही संगणक उचलून घरी आणला. त्या जगाच्या फोल्डरमधली, जगाची मुख्य माहिती ठेवणारी ‘लेव्हल डॅट’ ही फाइल शून्य बाइटची झाली होती, मात्र गेम स्वतःच ठेवतो ती ‘लेव्हल डॅट ओल्ड’ ही आधीची प्रत शेजारीच शाबूत होती. अख्ख्या फोल्डरची नक्कल पेनड्राइव्हवर घेतली, रिकामी फाइल बाजूला काढली, जुन्या प्रतीला तिचे नाव दिले आणि गाव उघडले. वाड्याची पडवी तेवढी जाऊन तिथे टेकडी आली होती. या गेममध्ये जगाचा नकाशा अनेक फाइलींत विभागलेला असतो आणि एकेका फाइलीत १६ × १६ ठोकळ्यांचे १०२४ तुकडे मावतात. त्यातला एखादा बिघडला तर गेम तेवढी जमीन नव्याने घडवतो, पण बांधकाम परत येत नाही.

मॉडचे, म्हणजे गेममध्ये बदल करणाऱ्या किंवा नव्या गोष्टी भरणाऱ्या वेगळ्या जोडणीचे, दुखणे वेगळे असते. तिथे फाइल पुष्कळदा अर्धवटच उतरलेली असते. माइनक्राफ्टच्या मॉडची जार फाइल मुळात झिपच, म्हणजे अनेक फाइलींचे एकच गाठोडे, असल्याने झिपच्या प्रोग्रामने ती तपासता येते, आणि खराब निघाली तर त्याच आवृत्तीची नवी प्रत घ्यावी. मॉड नुसता काढून जग उघडले तर त्याने दिलेले ठोकळे नाहीसे होतात. स्टीम या गेम विकणाऱ्या सेवेवरून घेतलेल्या गेमसाठी फाइलींची पडताळणी करून बिघडलेल्या तेवढ्याच पुन्हा उतरवण्याची चांगली सोय आहे, मात्र मॉडने जाणूनबुजून बदललेली मूळ फाइलही तिच्या लेखी बिघडलेलीच असते!

दुकानदार फॉरमॅटपूर्वी डेस्कटॉप, डॉक्युमेंट्स आणि फोटो जपून ठेवतात, हे मी नाकारत नाही. पण विंडोजवर माइनक्राफ्टची जगे ‘अ‍ॅपडेटा’ या एरवी लपवलेल्या फोल्डरमध्ये असतात आणि ते कुणी उघडूनही पाहत नाही. तेव्हा दुरुस्तीच्या पावतीवर ‘गेमची जतन केलेली माहिती ठेवायची आहे का?’ एवढी एक ओळ छापावी आणि तिचे उत्तर संगणक वापरणाऱ्या मुलाकडूनच घ्यावे, अशी माझी सर्व दुकानदारांना विनंती आहे.

आपला,
एक पालक, सातारा