दुधाचा स्टँड आणि बंद पडलेला मीटर : केंद्रीय ग्राहक व्यवहार मंत्र्यांना खुले पत्र

माननीय मंत्री महोदय,
सादर नमस्कार.

कोरेगावात माझं दुचाकीचं गॅरेज आहे. धाकटा भाऊ दुधाचा धंदा करतो, दोन्ही वेळेला वाड्यावस्त्यांवर फिरून कॅन भरतो आणि डेअरीत घालतो. मागच्या दसऱ्याला त्याने नवी मोटारसायकल घेतली, पाच वर्षांच्या वॉरंटीची. आठवड्याच्या आत तिच्या मागच्या बाजूला कॅन अडकवायचा अँगलचा स्टँड बसला. मीच बसवला, क्लॅम्प आणि नटबोल्टवर. चासीला वेल्डिंगची ठिणगी लागू दिली नाही, एकही वायर कापली नाही. आमच्याकडे स्टँडशिवाय दूधवाल्याची गाडी म्हणजे जुवाशिवाय बैल.

जूनच्या पहिल्या मोठ्या पावसात मीटरमध्ये पाणी शिरलं आणि डिस्प्ले गेला. गाडी साताऱ्याला शोरूममध्ये नेली. तिथल्या माणसाने मीटरकडे बघायच्या आधी स्टँड बघितला. "बाहेरचं फिटिंग आहे, वॉरंटी गेली." मीटर हँडलपाशी, स्टँड मागच्या चाकावर. स्टँडमुळे मीटरमध्ये पाणी कसं गेलं, एवढंच मी विचारलं. "कंपनीचा नियम आहे." मग तेच लेखी द्या म्हटलं, तर तेही दिलं नाही. भावाने ६,८०० रुपये मोजून नवा मीटर घातला, कारण संध्याकाळचं दूध थांबत नाही.

साहेब, गाडीत काहीही बदल करावा आणि कंपनीने मुकाट्याने भरून द्यावं, असं माझं म्हणणं नाही. बावीस वर्षं हात काळे केलेत, बदलांनी गाड्यांची काय वाट लागते ते रोज बघतो. १ एप्रिल २०२० पासून गाड्या बीएस-६ झाल्या, म्हणजे धुराचे नियम कडक झाले. आता धुराच्या नळीत ऑक्सिजन सेन्सर असतो आणि त्याच्या रीडिंगवर ईसीयू, म्हणजे गाडीतला छोटा कॉम्प्युटर, पेट्रोल कमी-जास्त करतो. अशा गाडीला बाजारातला मोकळा सायलेन्सर लावला की ते गणित बिघडतं. आवाजाचा त्रास गावाला होतो तो वेगळाच. कोणी फ्यूज-रिले न घालता बॅटरीवरून थेट लाइन ओढतो, भलेमोठे हॉर्न आणि लाइट लावतो आणि वायरिंग वितळलं की वॉरंटी मागतो. तिथे कंपनीने नाही म्हटलं तर मी कंपनीच्या बाजूने उभा राहीन. भावाच्या गाडीचे मागचे शॉकअप्स कॅनच्या ओझ्याने बसले असते, तर मी शोरूमची पायरी चढलोच नसतो. आरसीवरचा तपशील बदलेल असा फेरफार तर मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नेच रोखला आहे.

पण बिघाड एका जागी आणि बदल दुसऱ्या जागी असताना सगळ्या गाडीची वॉरंटी एका वाक्यात कशी मरते? आणि लेग गार्ड, साडी गार्ड, सीट कव्हर, रिमोट लॉक यातलं कितीतरी गाडीच्या डिलिव्हरीच्या दिवशी शोरूमच गळ्यात मारतं. त्यातलं काय कंपनीचं आणि काय बाहेरचं, ते गिऱ्हाइकाला कोणी सांगत नाही. रिमोट लॉकसाठी तर वायरिंगलाच हात घालावा लागतो. ते शोरूमने केलं तर ॲक्सेसरी आणि मी नटबोल्ट आवळले तर गुन्हा.

हे मी नवीन काही मागत नाही. ऑगस्ट २०१४ मध्ये भारतीय स्पर्धा आयोगाने १४ कार कंपन्यांच्या प्रकरणात सांगितलं होतं की, बाहेरच्या मिस्त्रीकडे गाडी नेली एवढ्यावरून सरसकट वॉरंटी रद्द करू नये. बाहेरच्या चुकीच्या कामाने जेवढं नुकसान झालं असेल, तेवढ्यापुरतीच ती नाकारावी. तो आदेश कारपुरता आणि दुरुस्तीपुरता होता. दूधवाल्याच्या दुचाकीला तोच न्याय का नको? अमेरिकेत १९७५ पासून कायदा आहे की बाहेरचा पार्ट बसवला म्हणून वॉरंटी जात नाही, त्या पार्टने बिघाड झाला हे कंपनीला दाखवावं लागतं. २०२२ साली तिथल्या व्यापार आयोगाने वॉरंटीच्या अशाच अटींवरून हार्ले-डेव्हिडसन या मोटारसायकल कंपनीवर कारवाई केली. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये आपल्या मंत्रालयाने राइट टू रिपेअर, म्हणजे दुरुस्तीच्या हक्काचं, पोर्टल सुरू केलं, त्यात वाहनंही आहेत. म्हणजे प्रश्न तुम्हाला ठाऊक आहे.

तुम्ही म्हणाल, तक्रार करा. ग्राहक हेल्पलाइन १९१५ आहे, जिल्हा ग्राहक आयोगात ५ लाखांपर्यंतच्या खरेदीला शुल्कही नाही. हे चांगलंच आहे. पण ही अटच अन्यायकारक आहे, असं म्हणायचं असेल तर २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याप्रमाणे जिल्हा आयोग चालत नाही, राज्य आयोगाकडे जावं लागतं. ६,८०० रुपयांसाठी कोणता दूधवाला जाईल?

म्हणून मागणी सांगतो. दुचाकीची वॉरंटी नाकारायची असेल तर कोणत्या बदलाने कोणता पार्ट बिघडला, ते कंपनीने लेखी द्यावं, सही-शिक्क्यासह, आणि सिद्ध करायची जबाबदारी तिचीच असावी. शोरूमने बसवलेल्या प्रत्येक वस्तूपुढे बिलावर लिहावं की हिने वॉरंटीला बाधा येते की नाही. आणि वॉरंटीच्या अटी मराठीतून द्या. भावाचं इंग्रजी पुस्तक सीटखाली टूलकिटबरोबर पडून होतं, त्यातलं एक अक्षर त्याला कळत नव्हतं. विकणाऱ्यानेही कधी वाचून दाखवलं नाही.

भावाचा जुना मीटर मी जपून ठेवला आहे, उघडलेला नाही. पाणी कुठून शिरलं ते आपल्या खात्याला तपासायचं असेल तर कळवा, मी स्वतः आणून देईन.

आपला,
एक दुचाकी मिस्त्री
कोरेगाव, जि. सातारा