पात लागलेल्या डोळ्यात स्टेरॉइडचे थेंब नकोत

मा. संपादक,
स. न. वि. वि.

ऊसतोड आणि मळणी सुरू झाली की डोळ्याला पात, पाचट, कुसळ लागतेच. मग मेडिकलमधून लाली घालवणारे थेंब आणले जातात. त्या बाटलीत पुष्कळदा अँटिबायोटिकच्या जोडीला डेक्सामेथासोन किंवा प्रेडनिसोलोन असते. ही दोन्ही स्टेरॉइड, म्हणजे सूज आणि लाली दाबणारी औषधे, आहेत.

बुबुळावरचा पारदर्शक पडदा, म्हणजे कॉर्निया, मध्यभागी जेमतेम अर्धा मिलिमीटर जाड असतो. वरचा थर नुसता खरचटला तर कडेच्या पेशी सरकत येऊन एक ते तीन दिवसांत जखम भरतात. स्टेरॉइडने हे भरणे रेंगाळते. जखम खोल असेल तर पडद्याला बळकटी देणारे नवे कोलॅजन (प्रथिन) कमी बनते, पडदा झिजत जाऊन भोकही पडू शकते. पातीबरोबर बुरशी आत गेली असेल तर सर्वांत वाईट. थेंबांनी दोन दिवस लाली आणि ठणका उतरतो, माणूस निर्धास्त होतो आणि बुरशी खोल उतरते. तिच्यावरचे नॅटामायसिन हे औषध मुळात खोलवर फारसे पोचत नाही. शेवटी डोळ्यात फूल पडते. हर्पिस या विषाणूचा फांद्यांसारखा व्रणही स्टेरॉइडने असाच पसरतो.

स्टेरॉइड टाकाऊ औषध आहे असे मुळीच नाही. डोळ्यात चुना गेला तर डोळा भरपूर धुतल्यावर पहिला आठवडा-दहा दिवस डॉक्टर ते मुद्दाम देतात. जिवाणूंच्या व्रणावर, मुख्यतः तमिळनाडूतील ५०० रुग्णांवर झालेल्या चाचणीत (२०१२) आधी ४८ तास मॉक्सिफ्लॉक्सासिन हे अँटिबायोटिक देऊन मगच प्रेडनिसोलोन जोडले होते. एवढी काळजी घेऊनही तीन महिन्यांनंतरच्या नजरेत एकंदर फरक पडला नाही.

कचरा गेला तर स्वच्छ पाण्याने धुवा, चोळू नका, पदराच्या टोकाने काढू नका. त्याच दिवशी नेत्रतज्ज्ञाकडे जा. फ्लुओरेसीन या रंगाची पट्टी लावून निळ्या उजेडात पाहिले की जखम हिरवी चमकते. पांढरा ठिपका दिसला तर व्रण खरवडून बुरशी तपासतात. त्याआधी स्टेरॉइड नको. औषध दुकानदारांनीही चिठ्ठीशिवाय ही बाटली देऊ नये, ही कळकळीची विनंती.

थेंब आधीच घातले असतील तर बाटली सोबत न्या आणि किती दिवस, दिवसातून किती वेळा घातले ते सांगा. स्टेरॉइड घेतलेला डोळा दिसतो त्यापेक्षा जास्त बिघडलेला असू शकतो.

आपला,
एक नेत्रचिकित्सक