वासिली ग्रॉसमन : कादंबरीच्या आधीचा वार्ताहर

महोदय,

आपल्या रविवार पुरवणीत युद्धसाहित्यावर आलेला लेख आस्थेने वाचला. त्यात वासिली ग्रॉसमन यांचा उल्लेख ‘ज्यांची कादंबरी सोव्हिएत सरकारने जप्त केली ते लेखक’ एवढ्याच ओळखीने आला आहे. ही ओळख खरी असली तरी फार अपुरी आहे. कादंबरी जप्त होण्याच्या जवळजवळ वीस वर्षे आधी हे नाव आघाडीवरच्या सैनिकांच्या तोंडी होते, ते वार्ताहर म्हणून. आणि त्यांची पुढची सगळी थोरवी त्या वार्ताहरीच्या पायावर उभी आहे, असे माझे ठाम मत आहे. तेवढ्यासाठीच हे पत्र.

ग्रॉसमन यांचा जन्म १९०५ साली युक्रेनमधील बर्डिचेव्ह या गावी एका ज्यू कुटुंबात झाला. शिक्षण रसायनशास्त्राचे, पहिली नोकरी डोनबासच्या कोळसा खाणींच्या परिसरात. १९३४ मध्ये त्यांची पहिली गाजलेली कथा प्रसिद्ध झाली आणि ज्येष्ठ रशियन लेखक मॅक्सिम गॉर्कींनी तिची दखल घेतली. १९४१ च्या जूनमध्ये जर्मनीने आक्रमण केले, तेव्हा अधू दृष्टी आणि स्थूल शरीर यांमुळे लष्कराने त्यांना लढाईसाठी अपात्र ठरवले. तरीही ते मागे राहिले नाहीत. ‘क्रास्नाया झ्वेझ्दा’ या लष्कराच्या दैनिकाचे वार्ताहर म्हणून ते आघाडीवर गेले आणि मॉस्कोच्या बचावापासून स्टालिनग्राड, कुर्स्क आणि शेवटी बर्लिनपर्यंत सैन्याबरोबर राहिले.

त्यांची काम करण्याची पद्धत आजच्या वार्ताहरांनीही अभ्यासावी अशी आहे. माणसे बोलत असताना ते सहसा वही काढत नसत. खंदकात, तळघरात, नदीकाठी जवानांजवळ बसून शांतपणे ऐकत, आणि ऐकलेले सारे नंतर एकांतात टिपून ठेवत. अबोल म्हणून ओळखले जाणारे सेनाधिकारी त्यांच्याशी तासन्‌तास बोलल्याची नोंद त्यांच्या संपादकांनी केली आहे. त्यामुळेच त्यांच्या वार्तापत्रांत सेनापतींच्या डावपेचांपेक्षा स्वयंपाकी, निरोपे, नेमबाज, व्होल्गा नदीवर नावा हाकणारे नावाडी अधिक दिसतात. स्टालिनग्राडमध्ये लढलेले लेखक व्हिक्टर नेक्रासोव्ह यांनी लिहून ठेवले आहे, की ग्रॉसमन यांचा लेख असलेला अंक सैनिक चिंध्या होईपर्यंत पुन्हा पुन्हा वाचत. सैबेरियन तुकडीवरच्या त्यांच्या एका लेखातील वाक्ये पुढे त्याच शहरातल्या ममायेव कुर्गान टेकडीवरील स्मारकाच्या भिंतीवर कोरली गेली. १९६७ मध्ये त्या स्मारकाचे उद्घाटन झाले तेव्हा भिंतीवर शब्द होते, लेखकाचे नाव मात्र नव्हते. ज्या राजवटीला त्यांचे शब्द हवे होते तिला ते स्वतः नको होते, हे याहून स्पष्टपणे कोणी सांगू शकणार नाही.

१९४४ मध्ये लाल सेना पोलंडमध्ये शिरल्यावर ग्रॉसमन ट्रेब्लिंका येथे गेले. नाझींनी तेथील संहारछावणी पाडून, जमीन नांगरून तेथे ल्युपिन या शेंगा येणाऱ्या वनस्पतीची लागवड केली होती. ग्रॉसमन यांनी त्या जमिनीवरून चालताना काय दिसले ते लिहिले : पायाखाली हलणारी, भुसभुशीत माती, तडकणाऱ्या शेंगांतून टपटप खाली पडणारे दाणे, आणि मातीने जणू स्वतःच वर ढकललेली हाडांची चुरी, दात, बूट, कागद, केसांचे पुंजके. गावकऱ्यांना, वाचलेल्या मोजक्या कैद्यांना आणि पकडलेल्या पहारेकऱ्यांना विचारून त्यांनी या छावणीचे काम कसे चालत होते, हे टप्प्याटप्प्याने मांडले. मृतांचा त्यांचा अंदाज सुमारे तीस लाखांचा होता. पुढील संशोधनात तो सात ते नऊ लाखांवर आला. पण आगगाडी फलाटाला लागल्यापासून माणसाचा जीव जाईपर्यंतची जी यंत्रणा त्यांनी उलगडून दाखवली, ती मूलतः खरी ठरली. हा लेख पुढे नाझी नेत्यांवरील न्यूरेंबर्ग खटल्यातही वापरला गेला.

या साऱ्यामागे त्यांचे स्वतःचे दुःख होते. सप्टेंबर १९४१ मध्ये बर्डिचेव्हच्या हजारो ज्यूंबरोबर त्यांच्या आईलाही मारण्यात आले होते. तिला वेळेत मॉस्कोला आणले नाही, ही बोच त्यांना जन्मभर राहिली. तिच्या मृत्यूनंतर नऊ आणि वीस वर्षांनी त्यांनी तिला उद्देशून पत्रे लिहिली. ‘लाइफ अँड फेट’ ही पुढे जप्त झालेली कादंबरी तिलाच अर्पण केलेली आहे. त्या कादंबरीत ज्यूंच्या बंदिस्त वस्तीत (घेट्टोत) कोंडलेली एक आई आपल्या मुलाला शेवटचे पत्र लिहिते. ते प्रकरण ज्यांनी वाचले असेल त्यांना त्याविषयी वेगळे सांगायला नको.

ग्रॉसमन यांना निष्कलंक नायक ठरवण्याचा मोहही टाळायला हवा. १९५३ च्या सुरुवातीला, ज्यू डॉक्टरांवर खोटे आरोप ठेवले गेले तेव्हा, त्या डॉक्टरांना कठोर शिक्षा करा अशी मागणी करणाऱ्या एका पत्रावर त्यांनी सही केली. भीतीपोटी की इतरांना वाचवण्याच्या आशेने, यावर मतभेद असतील. सही मात्र त्यांचीच होती. मला महत्त्वाचे वाटते ते हे, की त्यांनी ती लपवली नाही. कादंबरीतील व्हिक्टर श्ट्रुम हा शास्त्रज्ञ अशाच एका पत्रावर सही करतो आणि नंतर त्या शरमेशी झगडतो. इतरांची साक्ष नोंदवणाऱ्या वार्ताहराने येथे स्वतःचीच साक्ष नोंदवली आहे, आणि ती पाने वाचताना त्यांच्याविषयीचा माझा आदर अधिकच वाढतो.

पुढची हकिगत आपल्या लेखात आलीच आहे. १४ फेब्रुवारी १९६१ रोजी केजीबी या सोव्हिएत गुप्तचर यंत्रणेच्या अधिकाऱ्यांनी हस्तलिखिते, कच्चे मसुदे, इतकेच नव्हे तर कार्बन पेपर आणि टंकयंत्राच्या फितीही उचलून नेल्या. लेखकाला मोकळे सोडले आणि पुस्तकाला अटक केली. ग्रॉसमन यांनी थेट सोव्हिएत नेते ख्रुश्चेव्ह यांना पत्र लिहून आपल्या पुस्तकासाठी स्वातंत्र्य मागितले. ते मिळाले नाही. १९६४ च्या सप्टेंबरमध्ये कर्करोगाने त्यांचा मृत्यू झाला. मित्रांनी जपलेल्या प्रतींमुळे कादंबरी वाचली, मायक्रोफिल्मवरून १९८० मध्ये स्वित्झर्लंडमध्ये छापली गेली आणि १९८८ मध्ये त्यांच्या स्वतःच्या देशात प्रसिद्ध झाली. जप्त केलेले कागद केजीबीच्या वारसदार यंत्रणेने २०१३ मध्ये सरकारी अभिलेखागाराकडे सोपवले.

आपल्याकडे वार्ताहरी म्हणजे रोजचा रतीब आणि साहित्य म्हणजे टिकाऊ निर्मिती, अशी विभागणी सर्रास केली जाते. ग्रॉसमन यांच्या बाबतीत ती पूर्णपणे कोसळते, कारण स्टालिनग्राडच्या तळघरांत टिपलेली माणसेच कादंबरीत चालती-बोलती झाली. म्हणून विनंती अशी, की पुढील एखाद्या पुरवणीत त्यांच्या स्टालिनग्राडच्या वार्तापत्रांतील व ट्रेब्लिंकावरील लेखातील निवडक उतारे, आवश्यक त्या परवानग्या घेऊन, चांगल्या मराठी अनुवादात द्यावेत. लेखाच्या पोटात संक्षेप करून नव्हे, तर स्वतंत्र पानावर, त्यांच्या नावानिशी.

कळावे,
आपला नियमित वाचक,
सांगली